हर्शीची रात्र: ज्या मॅचचा व्हिडिओच नाही, तिचा हिशोब

(पॉडकास्टच्या नव्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले चार-दोन ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ काढलेत, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

आज सुरुवात एका फोटोपासून करू. ड्रेसिंग रूममध्ये एक धिप्पाड माणूस बसलाय. अंगात अजून खेळाची जर्सी. हातात एक साधा कागद धरलाय आणि त्या कागदावर हाताने मोठ्ठा आकडा लिहिलाय: १००. बाकी काही नाही. कप नाही, पदक नाही, मागे कसला बॅनर नाही.

हा माणूस म्हणजे विल्ट चेंबरलेन. उंची सात फूट एक इंच. तारीख २ मार्च १९६२, वार शुक्रवार. गाव अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं हर्शी. हो, चॉकलेटवालं हर्शीच. त्या रात्री फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सला १६९-१४७ असं हरवलं आणि त्या १६९ पैकी १०० पॉइंट एकट्या विल्टने केले.

आता तुमच्यातल्या काहींनी ते रील पाहिलं असेल. ‘व्हिडिओ कुठाय? कोणी पाहिलं? सगळं बनाव आहे!’ असलं काहीतरी, मागे सस्पेन्सवालं म्युझिक. आणि खरं सांगू का, प्रश्न चुकीचा नाहीये. या मॅचचा व्हिडिओ नाही. टीव्हीवर ती दाखवलीच नव्हती. हंगाम संपत आला होता, निक्स तळाला होते (पूर्ण हंगामात २९ विजय, ५१ पराभव), आणि मॅच होती एका छोट्या गावातल्या, एरवी आइस हॉकीसाठी वापरल्या जाणाऱ्या हॉलमध्ये. अधिकृत प्रेक्षकसंख्या ४,१२४. न्यूयॉर्कच्या पेपरवाल्यांना तिथवर जाण्यात काही राम वाटला नाही. पुढे वर्षानुवर्षं लोक विल्टला भेटून सांगायचे की आम्ही ती मॅच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डोळ्यांनी पाहिली. मॅच झाली हर्शीत, आणि हे बघत होते न्यूयॉर्कमध्ये!

मग आपल्याकडे आहे काय? एक फोटो. रेडिओच्या कॉमेंट्रीचा एक तुकडा, त्यावर नंतर येतो. आणि एक कागद, ज्याला म्हणतात बॉक्स स्कोअर. आजचा एपिसोड त्या कागदाबद्दल आहे. तो नीट वाचला तर ती रात्र बरीचशी दिसते.

बॉक्स स्कोअर म्हणजे खेळाडूंची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे रकाने: किती मिनिटं खेळला, किती शॉट मारले, किती आत गेले, फ्री थ्रो, रिबाउंड, असिस्ट, फाउल, पॉइंट. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. ही पद्धत अमेरिकेत रुजवली हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकाराने. जन्म इंग्लंडमधला, लहानपणीच अमेरिकेला गेलेला, आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. क्रिकेटचं स्कोअरकार्ड त्याच्या हाताखालचं होतं, तेच त्याने एकोणिसाव्या शतकात बेसबॉलला लावलं, आणि बेसबॉलकडून ते बास्केटबॉलकडे आलं. म्हणजे तुम्ही आज फोनवर एनबीएचं ॲप उघडून जो तक्ता बघता, त्याचा आजोबा तोच कागद आहे, जो आपल्याकडे मैदानाच्या कडेला पेन्सिल घेऊन बसलेला स्कोअरर भरतो.

हर्शीत हा हिशोब सांभाळणारा माणूस होता हार्वे पोलॅक. वॉरियर्सचा प्रसिद्धीप्रमुख आणि आकडेवाला, दोन्ही तोच. १९४६-४७ मध्ये, लीगच्या अगदी पहिल्या हंगामात, त्याने हे काम सुरू केलं आणि २०१५ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी वारला तोपर्यंत तो याच धंद्यात होता. त्या रात्री त्याच्या डोक्यावर आणखी कामं होती: फिलाडेल्फियाच्या ‘इन्क्वायरर’ पेपरला बातमी द्यायची, एपीला द्यायची, यूपीआयलाही द्यायची. आणि फोटोतल्या कागदावरचा तो १०० सुद्धा पोलॅकनेच लिहिलेला. फोटो काढणारा पॉल व्हॅथिस एपीचा फोटोग्राफर, पण त्या दिवशी ड्युटीवर नव्हता, मुलाला मॅच दाखवायला आला होता. काहीतरी घडतंय म्हटल्यावर गाडीतून कॅमेरा घेऊन आला. मला हे फार आवडतं. इतक्या मोठ्या रात्रीचा पुरावा उभा राहिला तो एका सुट्टीवरच्या माणसामुळे आणि एका तिहेरी ड्युटी करणाऱ्या माणसामुळे.

तर कागद उघडू.

विल्टची ओळ: ४८ मिनिटं, म्हणजे पूर्ण मॅच, एक सेकंदही बाहेर नाही. ६३ शॉट, त्यातले ३६ आत. ३२ फ्री थ्रो, त्यातले २८ आत. २५ रिबाउंड, २ असिस्ट, २ फाउल. तेव्हा एनबीएमध्ये तीन पॉइंटची रेष नव्हती (ती आली १९७९-८० च्या हंगामात), म्हणून हिशोब सोपा आहे: ३६ दुणे ७२, अधिक २८, बरोबर १००. क्वार्टरप्रमाणे बघाल तर २३, १८, २८ आणि ३१.

बहुतेक लोकांची नजर ६३ वर जाते. माझी जाते त्या ३२ पैकी २८ वर. सांगतो का ते.

विल्ट फ्री थ्रोमध्ये अगदी कच्चा होता. आयुष्यभराची सरासरी शंभरात ५१. फ्री थ्रो म्हणजे कोणी अडवत नाही, घड्याळ थांबलेलं, समोर फक्त रिंग, आणि हा गडी निम्मे चुकवायचा. १९६१-६२ च्या हंगामात मात्र तो चेंडू दोन्ही हातांनी गुडघ्यांमधून खालून वर फेकायचा. लहान मुलं फेकतात ना, तसा. त्याच्या कारकिर्दीतला फ्री थ्रोचा सगळ्यात चांगला हंगाम हाच: १,३६३ पैकी ८३५, म्हणजे ६१ टक्के. आणि हर्शीत? पहिल्या क्वार्टरमध्ये ९ पैकी ९. दुसऱ्यात ५ पैकी ४. तिसऱ्यात ८ पैकी ८. तीन क्वार्टर संपताना २२ पैकी २१! शेवटच्या क्वार्टरमध्ये, जेव्हा सगळा हॉल उभा राहिला होता, तेव्हा १० पैकी ७.

जरा गणित करा. त्याने त्या रात्री आपल्या हंगामाच्या सरासरीने फ्री थ्रो मारले असते, तर ३२ पैकी १९-२० आत गेले असते. बाकी सगळं तसंच राहून बेरीज झाली असती ९१-९२. तोही विक्रमच ठरला असता. त्याआधीचा विक्रम त्याचाच होता, ७८ चा, डिसेंबर १९६१ मधला, तीन ओव्हरटाइम खेळून केलेला. पण ९२ लिहिलेला कागद कोणी हातात दिला असता का?

आणि पुढे काय झालं माहितीये? त्याने ती पद्धत सोडून दिली. नंतर आत्मचरित्रात त्याने कबूल केलं की खालून फेकताना आपण बायकी दिसतो असं वाटायचं, लाज वाटायची. आपण चुकतोय हे कळत असूनही सोडली. १९६७-६८ मध्ये त्याचे फ्री थ्रो शंभरात ३८ वर आले. ज्या पद्धतीने शंभरी दिली, ती लोक हसतील म्हणून गेली. सात फूट एक इंचाच्या माणसालाही लोक काय म्हणतील सुटत नाही, बघा.

आता खालच्या ओळी. वॉरियर्सच्या बाकी सगळ्यांचे मिळून ६९ पॉइंट. अल ॲटल्सची ओळ बघा: ८ शॉट, ८ आत, १ फ्री थ्रो, तोही आत. एकूण १७. म्हणजे त्या रात्री एकही नेम न चुकलेला खेळाडू विल्ट नव्हे, ॲटल्स होता. आयुष्यातली अशी मॅच कोणाला मिळते, आणि त्याला मिळाली ती नेमकी हीच! (ॲटल्स पुढे कोच झाला आणि १९७५ मध्ये याच वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिलं. तोवर टीम कॅलिफोर्नियात गेली होती. आज स्टेफ करीची म्हणून तुम्ही ओळखता तीच ही टीम.)

गाय रॉजर्सची ओळ अजून बोलकी आहे. शॉट फक्त ४, आत १. पण असिस्ट २०. म्हणजे २० वेळा त्याच्या पासवर लगेच बास्केट झाली. आणि फ्री थ्रो? १२! चार शॉट मारणाऱ्या गार्डला बारा फ्री थ्रो कसे मिळतात? मॅच न बघताही या एका आकड्यावरून कळतं की काहीतरी वेगळं चाललं होतं.

चाललं असं होतं. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा विल्टचे ६९ झाले होते. हॉलचा निवेदक डेव्ह झिंकॉफ आता प्रत्येक बास्केटनंतर विल्टची बेरीज जाहीर करायला लागला आणि पब्लिक ‘विल्टला द्या’ म्हणून ओरडायला लागलं. मॅच तोवर जवळजवळ हातात होती, १२५-१०६. मग निक्सने ठरवलं, जिंकणं जाऊ दे, निदान याला शंभर करू द्यायचे नाहीत. चेंडू विल्टपर्यंत पोहोचायच्या आत ते बाकीच्या वॉरियर्सना फाउल करायला लागले. फाउल झाला की फ्री थ्रो ज्याला धक्का मारला त्याला, विल्टला नाही. रॉजर्सचे फ्री थ्रो वाढण्यामागे हेच. आणि चेंडू आपल्याकडे आला की घड्याळ संपत येईपर्यंत घोळवत ठेवायचे. त्यावर वॉरियर्सनी काय केलं? त्यांनीही निक्सना मुद्दाम फाउल करायला सुरुवात केली, म्हणजे चेंडू लवकर परत मिळेल!

पुढे असलेली टीम मुद्दाम फाउल करतेय आणि मागे असलेली टीम वेळ काढतेय. बास्केटबॉल कळणाऱ्या कोणालाही विचारा, हे बरोबर उलटं आहे. निक्सचा कोच एडी डोनोव्हन नंतर या मॅचला तमाशा म्हणाला, आणि मला विचाराल तर शेवटच्या दहा मिनिटांपुरतं त्याचं म्हणणं खोटं नाही. ज्यांना विल्टची शंभरी खोटी ठरवायचीये ते व्हिडिओवर अडून बसतात. खरा वाद घालायचा असेल तर तो इथे आहे: हे पॉइंट खरे होते, पण शेवटी शेवटी तो सामना उरला होता का? विल्टला स्वतःलाही ६३ शॉट टोचत असावेत. आपण वाढलो त्या मैदानांवर इतके शॉट एकट्याने मारले असते तर पोरांनी हाकलून दिलं असतं, अशा अर्थाचं तो पुढे बोलायचा.

निक्सच्या बाजूचा कागद कोणी वाचतच नाही. त्यांचा नेहमीचा सेंटर आजारी म्हणून खेळला नाही. बदली डॅरॉल इमहॉफ २० मिनिटांत सहा फाउल करून बाहेर. मग क्लीव्हलँड बकनरसारख्या त्याच्याहून लहान चणीच्या खेळाडूंवर विल्टला अडवायची वेळ आली. पण त्याच बकनरने ३३ पॉइंट केले. रिची गेरिनने ३९, विली नॉल्सने ३१. तिघांचे मिळून १०३! कुठल्याही इतर रात्री ही बातमी झाली असती. नॉल्सचा अजून एक किस्सा: विल्ट तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहायचा, तर त्या रात्री तो परत गेला नॉल्सच्याच गाडीत. ज्याच्या टीमवर शंभर लादले त्याच्याच गाडीत बसून रात्रीचा प्रवास.

अजून एक गोष्ट कागदातून दिसते, ती म्हणजे वेग. दोन्ही टीमचे मिळून शॉट २३३. ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद. भागा: साधारण दर साडेबारा सेकंदाला एक शॉट, आणि वर ९३ फ्री थ्रो. हे का महत्त्वाचं? बारा वर्षं मागे जाऊ. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना हरवलं, स्कोअर होता १९-१८. पूर्ण मॅचचा! चेंडू धरून उभं राहायचं, बस. लोक कंटाळले. मग सिराक्यूज टीमचा मालक डॅनी बियासोनने बॉक्स स्कोअर घेऊनच डोकं चालवलं: चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून १२० शॉट मारतात, २,८८० भागिले १२०, उत्तर २४. म्हणून १९५४ पासून २४ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं. म्हणजे आकडे नुसते मॅचनंतर लिहिले जात नव्हते, त्यांनी खेळाचा नियमच बनवला. आणि आठ वर्षांनी हर्शीत त्या १२० चे जवळजवळ दुप्पट शॉट पडले. विल्टचे १०० त्या वेगाशिवाय होणं कठीण होतं.

म्हणून मी दुसरा एक हिशोब लावून बघतो: टीमच्या पॉइंटमध्ये एका खेळाडूचा वाटा किती. हर्शीत विल्टचा वाटा १६९ पैकी १००, म्हणजे ५९ टक्के. २२ जानेवारी २००६ ला कोबी ब्रायंटने टोरंटोविरुद्ध ८१ केले, तोवरचा दुसरा सगळ्यात मोठा आकडा. लेकर्सचे एकूण १२२. वाटा ६६ टक्के. आणि तो १९-१८ वाला कंटाळवाणा सामना आठवतोय? त्यात लेकर्सच्या १८ पैकी १५ एकट्या जॉर्ज मायकनचे होते. ८३ टक्के! हरलेल्या टीमचा खेळाडू, पंधरा पॉइंट, आणि वाट्याच्या हिशोबात विल्ट-कोबी दोघेही मागे. कोबी मोठा की विल्ट, या भांडणात मी पडत नाही. कमेंटमध्ये भांडा हवं तर.

आता कागदावर काय नाही ते. ब्लॉक नाहीत, स्टील नाहीत. एनबीएने ते अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, म्हणजे विल्टने खेळ सोडला त्याच्या पुढच्याच हंगामात. समोरच्याचा शॉट हवेतच थोपवण्यात जो माणूस त्या काळात अव्वल दोघांत होता, त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक शून्य! दुसरा होता बॉस्टनचा बिल रसेल, त्याच्याही नावावर शून्य. आणि गंमत अशी की त्या हंगामात विल्टची सरासरी ५०.४ पॉइंट होती, ८० मॅचमध्ये ४,०२९, ओव्हरटाइम धरून मॅचमागे ४८ मिनिटांहून जास्त खेळ, तरी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला रसेलला, ज्याची सरासरी १८.९ होती. तेव्हा मतं खेळाडूच द्यायचे. त्यांना रोज समोर जे दिसायचं त्यातलं बरंचसं कागदावर येतच नव्हतं. त्यात रसेलच्या टीमने ६० मॅच जिंकल्या होत्या. प्लेऑफमध्येही सातव्या सामन्यात बॉस्टनने वॉरियर्सना १०९-१०७ असं घरी पाठवलं.

पोलॅकला ही उणीव कळली होती. लीगने मोजायच्या आधीपासून तो आपल्या हौसेने ब्लॉक वगैरे टिपून ठेवायचा. ‘ट्रिपल-डबल’ हा शब्द आज तुम्ही सहज वापरता, त्याचं श्रेयही साधारण त्यालाच देतात. १९६१-६२ मध्ये ऑस्कर रॉबर्टसनने अख्ख्या हंगामाची सरासरी ट्रिपल-डबल ठेवली होती, पण तेव्हा त्याला काही नावच नव्हतं, त्यामुळे फारसा गाजावाजाही नाही.

शेवटी तो रेडिओचा तुकडा, कारण पॉडकास्टवाल्याला याचं फार अप्रूप. फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूसीएयू स्टेशनवरून बिल कॅम्पबेल कॉमेंट्री करत होता. ती कोणी जपून ठेवली नाही. पण रात्री उशिरा, पहाटे तीनच्या सुमाराला, चौथा क्वार्टर पुन्हा लावला गेला, आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जिम ट्रिलीझ नावाच्या विद्यार्थ्याने हॉस्टेलच्या खोलीत तो आपल्या टेप रेकॉर्डरवर घेतला. आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनी संग्रहात ती टेप आहे, २०१६ मध्ये तिचा समावेश जाहीर झाला.

त्या टेपने एक वाद मिटवलाही. शंभरावा पॉइंट झाला तेव्हा ४६ सेकंद उरले होते आणि शेकडो लोक कोर्टवर धावले. अनेकजण पुढे सांगायचे की मॅच तिथेच थांबली, उरलेला वेळ खेळलाच नाही. टेप ऐका: गर्दी बाजूला होते, खेळ पुन्हा सुरू होतो, उरलेले सेकंद खेळले जातात. तिथे हजर असलेली माणसं चुकली, हॉस्टेलमधल्या पोराची टेप बरोबर निघाली.

त्याच टेपवर शंभरावी बास्केटही आहे. विल्टचा शॉट चुकतो, टेड ल्यूकनबिल चेंडू पकडून त्याला परत देतो, पुन्हा चुकतो, पुन्हा ल्यूकनबिल. या वेळी चेंडू जातो जो रक्लिककडे. रक्लिक हा विल्टचा बदली सेंटर, आणि विल्ट तर कधी बाहेर बसतच नसे, तेव्हा विचार करा याला खेळायला किती मिळत असेल. त्याच्यासमोर मोकळी बास्केट होती म्हणतात. त्याने चेंडू वर उंच फेकला, विल्टने वरच्या वर झेलून आत घातला. सगळं पब्लिक विल्टकडे धावलं. रक्लिक धावला स्कोअररच्या टेबलाकडे, आपला असिस्ट लिहिलाय ना ते बघायला.

लिहिला होता. जो रक्लिक: शॉट १, आत ०. फ्री थ्रो २, आत ०. पॉइंट ०. असिस्ट १.